एक्केचाळीस, पिढी बारावी

कागद दाराच्या काचेवर बाहेरून टेकवलेला होता, त्यामुळे निबिया लारोसाला तो आत उभं राहून वाचावा लागला. बाहेर डॉक्टर उरिओस्ते. डाव्या बगलेत गरम पाण्याचा थर्मास, त्याच हातात येर्बाच्या कडू चहाचं भांडं, आणि उजव्या हाताचा पंजा कागदावर पसरलेला. पेशींच्या खोलीत खाण्यापिण्याचं काही आणायचं नाही हा नियम ते पाळत. हा एकच पाळतात, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच वेळी तिची नजर त्यांच्या अंगठ्याखालच्या ओळीवर पडली. ‘पेशींच्या पिढीचा क्रमांक बाटलीवर लिहिताना तंत्रसाहाय्यकाकडून चूक झाली. मूळ निष्कर्षाला त्यामुळे बाधा येत नाही.’ खाली डॉक्टरांचं नाव, त्याखाली संशोधक विद्यार्थिनी जिमेनाचं, आणि सगळ्यात खाली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांच्या नावाबरोबर एका कागदावर, तिचं. नावासमोर टिंबटिंब. एवढा मोठा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला तेव्हा त्यात तिच्या नावाला जागा नव्हती. चुकीत मात्र बरोबर जागा निघाली. डॉक्टरांनी काचेपलीकडून भुवया उंचावल्या, म्हणजे वाचलंस का. तिने हातमोजे घातलेले दोन्ही हात वर करून दाखवले, म्हणजे हात गुंतलेत. त्यांनी मान डोलावली, नळीतून एक घोट ओढला आणि कागद दाराच्या फटीतून आत सरकवून दिला. निर्जंतुक खोलीत, फरशीवरून, कागद!

त्याच क्षणी ती बाहेर गेली असती, पण बाटलीत द्राव ओतून दोन मिनिटं होऊन गेली होती. तळाला चिकटलेल्या पेशी सुटायला पाच मिनिटं लागतात, आणि सात मिनिटांवर गेलं की तो द्राव पेशींनाच खायला लागतो. कुणाला राग आलाय म्हणून त्या थांबत नाहीत. तिने बाटली मायक्रोस्कोपखाली धरली. माणसाच्या धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी, धमनी आवळायची की सैल सोडायची हे ज्यांच्या हातात असतं त्या. लांबट, एकमेकींच्या अंगाला अंग लावून पसरलेल्या, आणि आता एकेक करून कडा सोडत गोल होत चाललेल्या. हा क्षण तिला कधीच आवडला नव्हता. चांगल्या रांगेत बसलेल्या पेशी हात सोडून पाण्यात तरंगायला लागतात, मग त्यांना दोन नव्या बाटल्यांत वाटायचं आणि पिढीचा आकडा एकाने वाढवायचा. आकडा बाटलीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. हे या खोलीत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी सांगत आली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी झाकणावर लिहीत आला होता. आता तिने बाटली फिरवून स्वतःच लिहिलेला आकडा पुन्हा वाचला. बावीस वर्षांत तिने इथे तसं कधी केलं नव्हतं, अगदी आई गेली त्या आठवड्यातही नाही. तंत्रसाहाय्यकाकडून. अरे, नाव तरी घ्या! नाव खाली सहीला हवं, वरती चूक करायला मात्र तंत्रसाहाय्यक.

ज्या पेशींबद्दल हा कागद होता, तो एक्केचाळीस नंबर तिने स्वतः आणला होता. या शहरात, मोंतेविदेओत, विकतच्या पेशी मागवायच्या तर त्या विमानतळावरच्या गोदामात महिनाभर अडकून मरायच्या, म्हणून प्रयोगशाळेच्या तेव्हाच्या प्रमुख प्रोफेसर ओतिलियांनी फार पूर्वी प्रसूतिगृहाशी ठरवून ठेवलं होतं: बाळंतिणीची संमती घ्यायची, कापलेल्या नाळेचा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या धमन्या इथे आणून सोलायच्या. तो तुकडा निबिया आणायची थर्मासमधून. बर्फात बसवलेली निर्जंतुक बाटली आणि वरून घट्ट बूच. बसमध्ये निम्म्या लोकांच्या बगलेत थर्मास, तसाच हिच्याही. एकदा एका म्हाताऱ्याने भांडं पुढे करून म्हटलं होतं, “पोरी, जरा पाणी ओत की, माझं संपलं.” ती म्हणाली, “माझं थंड आहे हो, आजोबा.” तो म्हणाला, “थंड पाण्याचा थर्मास घेऊन फिरतेस? घरी कुणी काही सांगत नाही का तुला?” सगळी बस हसली, आणि निबिया कुणाच्या तरी बाळाची नाळ पोटाशी धरून त्यांच्यात हसली. एक्केचाळिसाव्या नाळेची आई मात्र हसणारी नव्हती. टेकडीवरच्या वस्तीतली, एकोणीस-वीस वर्षांची, केसांना अजून घाम. संमतीच्या कागदावर सही करता करता थांबून तिने विचारलं होतं, “ही माझी म्हणायची की बाळाची?” निबियाने नंतर येऊन प्रोफेसरबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “धमनी बाळाची. सही आईची. म्हणून दोघांचा मान ठेवायचा.” त्याच वर्षी प्रोफेसरबाई गेल्या. एक्केचाळीस ही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली शेवटची मालिका. धमनीचा तुकडा बशीत चिकटवून नऊ दिवस वाट पाहिल्यावर त्याच्या कडेतून पहिली पेशी रांगत बाहेर आली, तेव्हा बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता निबियाचं मनगट दाबलं होतं. या मालिकेइतक्या ताकदीच्या पेशी इथे पुन्हा झाल्या नाहीत. जेलीत मिसळून ठेवल्या तर रात्रभरात जेलीची चकती आवळून पेसोच्या नाण्याएवढी करत. आणि त्या कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात, फरशीवरून उचलताना तिने वाचलं, लिहिलं होतं की ‘एक्केचाळीस क्रमांकाच्या दात्याच्या पेशी अनियमित वागत असल्याने शिल्लक कुप्या नष्ट करण्यात आल्या आहेत’. आल्या आहेत! गोठवून ठेवायच्या टाकीत तर त्या शाबूत होत्या. म्हणजे आधी लिहायचं आणि मग निबियाने जाऊन ते खरं करायचं. अडीच वर्षांचं पोर असेल ते आता. त्याच्यावरही आळ.

पेशी नव्या बाटल्यांत वाटून, इनक्युबेटरचं दार लावून, हातमोजे काढून ती बाहेर आली तेव्हा डॉक्टर कॉरिडॉरमध्ये खिडकीला टेकून तिचीच वाट पाहत होते. इथल्या हिवाळ्याची, ऑगस्टची दमट थंडी भिंतींतून बाहेर येत होती. त्यांनी भांड्यात पाणी ओतून ते तिच्यापुढे केलं. तिने घेतलं नाही. या देशात पुढे केलेलं भांडं नाकारणं म्हणजे माणसालाच नाकारणं, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण त्यांनी ते स्वतःच पिऊन टाकलं.

“अगं निबिया, एवढं तोंड कशाला पाडतेस? ही औपचारिकता आहे. निबंध वाचून दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी लिहिलंय, त्यांना आमच्यासारखा निकाल येत नाही, पेशी कितव्या पिढीच्या होत्या ते कळवा. काहीतरी उत्तर द्यायला नको?”

“द्या की. बाराव्या पिढीच्या होत्या म्हणून सांगा.”

“ते तुझ्या वहीत. जिमेनाच्या वहीत पाच आहेत.”

“माझ्या वहीत आहेत कारण बाटलीवर मी लिहिलं होतं. बारा. बाटलीच्या अंगावर. पाच होतं ते झाकणावर, आणि ते माझं अक्षर नव्हतं, डॉक्टर.”

“तेच तर. एका बाटलीवर दोन आकडे. ही लिहिण्यातली गफलतच ना?” ते मऊ आवाजात म्हणाले, लहान मुलाला औषध पाजावं तसे. “हे बघ, जिमेनाची पदवी डिसेंबरात आहे. पोरीचं आयुष्य आहे. माझं अनुदान आहे, त्यावर ही खोली चालते, तुझा इनक्युबेटर चालतो. तुला काय होणार आहे? तू कायम नोकरीतली. तुला कुणी हात लावू शकत नाही. तू तर आमच्या घरचीच.”

“आणि निष्कर्षाला बाधा येत नाही, हे कोण म्हणालं?”

“ते आमच्याकडे सोड,” डॉक्टर म्हणाले. “शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सही दे. आणि त्या एक्केचाळीसच्या कुप्या तेवढ्या काढून टाक.”

ते आमच्याकडे सोड. हे वाक्य तिला नवीन नव्हतं. त्याचा जुळा भाऊ गेल्या वर्षीच्या जुलैत याच कॉरिडॉरमध्ये तिने ऐकला होता. मार्सेलाचा प्रयोग चालला होता तेव्हा. मार्सेला म्हणजे आपली पिवळ्या फुलांची मार्सेला, पोट बिघडलं की आई उकळून द्यायची ती, गुड फ्रायडेला पहाटे दव असताना लोक माळावर जाऊन खुडून आणतात ती. तिच्या अर्काने धमनीच्या पेशी आवळायच्या थांबतात का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. एप्रिलमध्ये तुलनेसाठी अर्काशिवायच्या बशा झाल्या, चौथ्या पिढीच्या पेशींत; काय आवळल्या होत्या त्या! मग पैसे आले नाहीत म्हणून प्रयोग थांबला, पेशी सातव्या पिढीत होत्या तशा नायट्रोजनच्या टाकीत गोठवल्या. जुलैत त्या पुन्हा बाहेर काढल्या तेव्हा जिमेनाने झाकणावर लिहिलं, एक. मग दोन. पाचावर आल्यावर तिने त्यांना अर्क पाजला आणि पेशी ढिम्म, काही केल्या आवळेनात. सगळ्या प्रयोगशाळेत आनंदीआनंद. निबिया म्हणाली होती, “जिमेना, ही पाचवी नाही गं, बारावी. गोठवल्याने मोजणी पहिल्यापासून सुरू होत नाही.” जिमेना गोंधळून डॉक्टरांकडे पाहायला लागली, आणि डॉक्टर हसत म्हणाले, “निबिया, पेशींना खायला तू घाल. मोजणी आमच्याकडे सोड.” सगळे हसले. निबियाही हसली. हे तिला आता जास्त लागत होतं, की तीही हसली. प्रोफेसरबाई असत्या तर त्यांनी झाकण उचलून डॉक्टरांच्या डोक्यात मारलं असतं. नव्या पोरांना त्या एकच गोष्ट ओरडून सांगत, “टाकीत ठेवलं म्हणून कुणी लहान होत नाही! विश्वास नसेल तर मला ठेवून बघा!” बशीत पिढ्यांमागून पिढ्या काढत गेलं की या पेशी आवळायचं विसरतात, नुसत्या वाढत आणि पसरत राहतात. म्हाताऱ्या, दुखणाईत धमनीत होतं तसंच. मार्सेला पाजा, नाहीतर नळाचं पाणी पाजा, बाराव्या पिढीला काही फरक पडत नाही. त्या आवळणारच नव्हत्या. हे तिला कळत होतं, आणि तिने एकदा सांगितलं होतं. एकदाच.

दुपारी ती टाकीपाशी गेली ती कुप्या टाकून द्यायलाच गेली होती, निदान पायऱ्या उतरेपर्यंत तसं होतं. झाकण उघडल्यावर पांढरी वाफ घोट्यांवर सांडली. एक्केचाळीसच्या तीन कुप्या उरल्या होत्या. दोन प्रोफेसरबाईंच्या अक्षरातल्या, दुसऱ्या पिढीच्या. शेवटचा आकडा जरा वाकडा, कारण तेव्हा त्यांच्या हाताला पेन धरवत नव्हतं. तिसरीवर जिमेनाचं गोल अक्षर, पाच. निबियाने बाईंची एक कुपी जागेवर ठेवली. दुसरी काढली आणि जिमेनाचीही काढली. दोन मुठींत दोन कुप्या धरून ती गरम पाण्याच्या भांड्याशी उभी राहिली, आतल्या बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत. तिला भीती वाटत होती का? वाटत होती. परवानगीशिवाय तिने या इमारतीत कधी खिडकीसुद्धा उघडली नव्हती. पण रागाची मजा ही की तो हातांना कामाला लावतो.

घरी वाल्दो स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसला होता. वाल्दो तिचा थोरला भाऊ, एकोणतीस वर्षं बसचा कंडक्टर, बायको गेल्यापासून हिच्याकडे राहायला. त्याचं रक्तदाब मोजायचं यंत्र फ्रिजवर धूळ खात होतं, आणि फ्रिजच्या दारावर वर्तमानपत्राचं कात्रण: डॉक्टर उरिओस्ते पांढऱ्या कोटात, हातात मार्सेलाची जुडी, वर मथळा, आजीबाईची मार्सेला आता धमन्यांची सखी. फोटोच्या कडेला, इनक्युबेटरपाशी, एक कोपर आलं होतं. वाल्दो आल्यागेल्याला ते बोट लावून दाखवायचा. “हे कोपर माझ्या बहिणीचं. बाकीची ती कापली गेली, पण पेशी तिच्याच.” मार्चमध्ये बातमी आली, आणि गुड फ्रायडेला तो आयुष्यात पहिल्यांदा पहाटे उठून माळावर गेला. पोतंभर मार्सेला आणली. तेव्हापासून त्याच्या येर्बात मार्सेला, थर्मासमध्ये मार्सेला, आणि गोळ्या मात्र ड्रॉवरमध्ये. ती म्हणायची, गोळी घे. तो म्हणायचा, तुझ्याच डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का? यावर तिच्याकडे उत्तर असायला हवं होतं, खरंतर होतंच, पण ती भांडी घासायला लागायची. त्या संध्याकाळीही तिने कात्रणातल्या आपल्या कोपराकडे पाहिलं आणि कांदा चिरायला घेतला.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी सकाळी दोन्ही बाटल्यांतल्या पेशी तळाला बसल्या होत्या. बाईंच्या कुपीतल्या सडपातळ, एका दिशेने झोपलेल्या. दुसऱ्या बाटलीतल्या रुंद, सैल, कोण कुणीकडे पसरलेल्या. तिने दोन्ही मोजून सारख्या घेतल्या आणि जेलीत मिसळून लहान बशांत ओतल्या. तीन तरुण, तीन म्हाताऱ्या. अर्क कशातच नाही. ती चकत्यांच्या कडा सुईने बशीपासून सोडवत होती तेव्हा जिमेना आत आली.

“हे काय लावलंयस?” तिने विचारलं, आणि मग बाटल्यांच्या अंगावरचं वाचून तिने हात मागे घेतला. एकोणतीस वर्षांची, उंच, नखं खाल्लेली. ती चांगली मुलगी होती, हीच तर पंचाईत. वाढदिवसाला निबियासाठी घरून केक भाजून आणणारी तीच एकटी.

“बस,” निबिया म्हणाली. “तू त्या कागदावर सही केलीस?”

“केली. डॉक्टर म्हणाले, निबियाची हरकत नाही.”

“मला विचारलंस?”

“नाही.” जिमेनाने अंगठ्याचं नख तोंडाकडे नेलं, हातमोजा आठवून परत आणलं. “निबिया, मी मुद्दाम नव्हतं केलं गं. मला शप्पथ तसंच वाटलं होतं, की गोठवल्यावर नव्याने मोजायचं. डॉक्टर हो म्हणाले.”

“ठाऊक आहे. मी कुठे तुला चोर म्हणतेय? मोजायला चुकलीस. मी पण बावीस वर्षांत दहादा चुकले असेन. पण मी माझी चूक दुसऱ्याच्या झाकणाला नाही लावली!” आवाज इतका चढला की बाहेरून कुणीतरी काचेत डोकावलं. “माझं अक्षर खोटं म्हणता तुम्ही. मी आयुष्यात काय केलंय? निबंध लिहिले? भाषणं केली? मी बाटल्यांवर आकडे लिहिले. तेवढंच माझं. तेही तुम्हाला हवं?”

जिमेना रडली नाही. निबियाला ती रडेल अशी भीती होती, कारण मग हिला तिची समजूत घालावी लागली असती. ती बशांकडे वळून म्हणाली, “उद्या किती वाजता बघायच्या?”

“अकराला.”

“मी येते.”

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या, कोट न काढताच, निबियाने मार्सेलाचं पोतं उचललं आणि मागच्या दाराबाहेर नेऊन कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं. वाल्दो मागोमाग धावला.

“ए काडीपैलवान! वेड लागलं का? पहाटे चारला उठून खुडलीय ती!”

“पोटाला चांगली आहे ती वाल्दो, पोट दुखलं की देईन. धमनीशी तिचा काही संबंध नाही. चुकीच्या पेशी होत्या. म्हाताऱ्या. आवळण्याची ताकदच नव्हती त्यांच्यात, त्यांना काहीही पाजलं असतं तरी तेच झालं असतं.”

तो पिंपाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. धाप लागली होती त्याला, दहा पावलं चालून. “म्हणजे मी पाच महिने गवत पितोय?”

“हो.”

“आणि वर्तमानपत्रात जे आलं...”

“खोटं नव्हतं म्हणे. चुकलं होतं.”

वाल्दोने बसमध्ये एकोणतीस वर्षं माणसांचे चेहरे वाचले होते, तिकीट काढलंय असं सांगणाऱ्यांचे. तो तसाच तिच्याकडे पाहत होता. “तुला कधी कळलं?”

ती आजच म्हणू शकली असती. परवा म्हणू शकली असती. “गेल्या जुलैत,” ती म्हणाली.

“जुलैत.” त्याने मान हलवली, हळूहळू. “म्हणजे मी हे सुरू करायच्या आधीपासून तुला ठाऊक होतं?”

“मी सांगितलं होतं तिथे. त्यांनी ऐकलं नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आत गेला, ड्रॉवर उघडून गोळ्यांचं पाकीट काढलं, चष्मा लावून तारीख वाचली, एक गोळी पाण्याबरोबर घेतली आणि रेडिओ लावला. निबिया कोट घालूनच खुर्चीत बसली. तीन दिवस ती कुणाकुणावर चिडली होती. डॉक्टरांवर, जिमेनावर, वर्तमानपत्रवाल्यावर, ज्याने तिला कापून कोपर ठेवलं त्या फोटोवाल्यावरसुद्धा. त्या सगळ्या रागात तिला फार स्वच्छ वाटत होतं. आता कळत होतं की त्या खोलीत ती गप्प बसली ती कुणी तिचं तोंड धरलं म्हणून नव्हे. तिथे गप्प बसलं की पुन्हा सगळं सुरळीत चालतं, भांडं फिरत राहतं, आणि संध्याकाळी पाचला घरी येता येतं, म्हणून. मग घरीही तीच सवय. या माणसाला गोळी घे म्हणताना कारण सांगायचं तिने चुकवलं होतं. स्वतःचाच इतका संताप तिला कधी आला नव्हता, आणि तो कुठल्याच काचेवर आपटून मोकळा करता येत नव्हता.

शुक्रवारी अकरा वाजता बशांची झाकणं काढली तेव्हा दोघींनीही मोजपट्टीला हात लावला नाही, गरजच नव्हती. तरुण पेशींच्या तीन चकत्या आक्रसून बशीच्या मध्यभागी तरंगत होत्या, घट्ट, पांढुरक्या, नाण्याएवढ्या. म्हाताऱ्या तीन जशा ओतल्या तशा कडेपर्यंत पसरलेल्या. मार्सेलाचा थेंबही न पिता. जिमेना बराच वेळ वाकून पाहत होती. मग तिने मार्कर उचलला, म्हाताऱ्या पेशींच्या बाटलीचं झाकण काढून बाजूला ठेवलं, आणि बाटलीच्या अंगावर, निबियाच्या आकड्याखाली, स्वतःच्या गोल अक्षरात लिहिलं, बारा.

“पत्र इंग्रजीत लागेल,” ती म्हणाली. “तू सांग, मी लिहिते.”

“तुझी पदवी?”

“सांग तू, नाहीतर माझी हिंमत जाईल.”

निबियाने सांगितलं, एकेक वाक्य, आणि जिमेनाने ते स्पॅनिश आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत लिहिलं. पत्र लांब नव्हतं. पेशी बाराव्या पिढीच्या होत्या. बाटलीवरचा आकडा बरोबर होता. एप्रिलच्या आणि जुलैच्या बशांची तुलना करता येत नाही. निष्कर्ष मागे घ्यावा. एक्केचाळीस क्रमांकाच्या दात्याच्या पेशींत दोष नाही, एक कुपी शिल्लक आहे, मागेल त्याला देऊ. शेवटचं वाक्य सांगताना निबिया अडखळली, पण सांगितलं. जिमेनाने वर पाहिलं, “हे नको गं,” म्हणाली, आणि निबियाने “लिही” म्हटल्यावर तेही लिहिलं. दोघींनी सह्या केल्या. जिमेनाने इंग्रजी प्रत नियतकालिकाला पाठवली. बटण दाबल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाराला पाच मिनिटं असताना डॉक्टर उरिओस्ते दाराशी आले, बगलेत थर्मास, हातात भांडं. निबियाने पत्राची स्पॅनिश प्रत आतून काचेवर टेकवली आणि पंजाने धरून ठेवली. ते वाचायला लागले. वाचता वाचता नळी तोंडात तशीच राहिली. एकदा त्यांनी जिमेनाकडे पाहिलं. ती बशांवर झाकणं ठेवत होती, तिने पाहिलं नाही. मग ते शेवटच्या ओळीपर्यंत आले, आणि तिथे थांबले. ‘हे मला जुलैपासून माहीत होतं. मी एकदा सांगितलं आणि नंतर गप्प बसले. ती चूक माझी.’

त्यांनी दार फटीएवढं उघडलं. “निबिया, हे गेलं?”

“गेलं.”

“हे शेवटचं कशाला? याने तूच अडकतेस. आम्ही तुला वाचवत होतो. कोण विचारणार होतं तुला?”

“वाल्दोने विचारलं.”

“कोण वाल्दो?”

बावीस वर्षं. घरची.

“मार्सेला पिणारा एक माणूस,” ती म्हणाली. “आत यायचं असेल तर या, डॉक्टर, चकत्या बघा. थर्मास बाहेर ठेवा.”

ते आले नाहीत. दार ओढलं गेलं. निबियाने नवे हातमोजे चढवले, कारण तरुण पेशींच्या बाटलीचं अन्न बदलायची वेळ झाली होती.